दृष्टिपटलाच्या आजारांवरची क्लिनिकल ट्रायल: शोधायची कशी, वाचायची कशी, सही कधी करायची

‘यावर अजून औषध नाही’ असे डॉक्टरांनी सांगितले की आठवडाभरात घरातल्या फोनवर तीन-चार बातम्या येऊन पडतात. अमेरिकेत जीन थेरपी निघाली, युरोपात डोळ्यात चिप बसवली, अमुक शहरात स्टेम सेलने नजर परत आली. काही खऱ्या असतात, काही अर्धवट, काही निव्वळ धंदा. रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणजे आरपी, स्टारगार्ट, वयोमानाने होणारा मॅक्युलाचा (दृष्टिपटल म्हणजे रेटिना, त्याच्या मध्यभागाचा) ऱ्हास म्हणजे एएमडी, अशा आजारांचे रुग्ण आणि त्यांच्या घरचे लोक यांच्यासाठी हा लेख आहे. ट्रायलमध्ये जायचे की नाही हे ठरवण्याआधी हाताशी काय हवे, कुठे पाहायचे आणि कागदावरची कोणती ओळ आधी वाचायची, ते यात आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. ट्रायल म्हणजे उपचार नव्हे. तिथे एक प्रश्न विचारलेला असतो, आणि उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते. लॅम्पालिझुमॅब या इंजेक्शनचे उदाहरण घ्या. कोरड्या एएमडीच्या शेवटच्या टप्प्यात मॅक्युलावर पेशी मेलेले चट्टे पडतात, त्यांची वाढ या औषधाने मंदावते असे दुसऱ्या टप्प्याच्या लहान चाचणीत दिसले होते. मग तिसऱ्या टप्प्यात दोन मोठ्या चाचण्या झाल्या, एकीत ९०६ आणि दुसरीत ९७५ रुग्ण. २०१७ मध्ये निकाल आले: काहीही फरक नाही. इतके लोक महिनोन्महिने डोळ्यात सुई टोचून घेत होते. त्यांची फसवणूक झाली नव्हती. ट्रायल अशीच असते. हे मान्य असेल तरच पुढची तयारी करा.

आधी फाईल

ट्रायलच्या समन्वयकाला फोन केला की पहिला प्रश्न येतो, ‘रिपोर्ट आहेत का?’ घरात पिशवीभर कागद असतात, पण कामाचे थोडेच. एका फाईलमध्ये तारखेच्या क्रमाने हे लावा:

- निदानाचे पूर्ण नाव, डॉक्टरांनी लिहिलेल्या स्पेलिंगसह. ‘रेटिना वीक आहे’ हे निदान नाही.
- चष्मा लावून प्रत्येक डोळ्याची नजर वेगवेगळी, शक्य तितक्या जुन्या तारखांसह. आजार किती वेगाने सरकतो ते यावरून कळते.
- ओसीटी (दृष्टिपटलाच्या थरांचा स्कॅन) आणि फंडस ऑटोफ्लुरोसन्स (पेशी कुठे खराब झाल्या ते दाखवणारा फोटो). प्रिंटची काळी-पांढरी झेरॉक्स जवळजवळ निरुपयोगी. स्कॅन पेन ड्राइव्हवर मागून घ्या. तपासणीच्या दिवशीच मागितलेला बरा.
- व्हिज्युअल फील्ड, म्हणजे नजरेचा घेर मोजणारी तपासणी. आरपीत नजरेची नळी किती अरुंद झाली ते यातच दिसते.
- ईआरजी (दृष्टिपटलाचे विद्युत संकेत मोजणारी तपासणी) केली असेल तर तिचे आलेख, नुसता शेरा नव्हे.
- चालू औषधांची यादी डोससह, आणि डोळ्यांवर झालेल्या शस्त्रक्रिया तारखांसह.

फाईल लावताना एक विचारून घ्याच: आत्ता सुधारता येण्यासारखे काही राहिले आहे का? आरपीच्या रुग्णांना कमी वयात मोतीबिंदू होतो, तो काढता येतो. मॅक्युलाला सूज येते, ती अनेकदा डोर्झोलामाइडच्या थेंबांनी किंवा ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्यांनी उतरते. एएमडीमध्ये सरळ रेषा अचानक वाकड्या दिसू लागल्या, दाराची चौकट लाटेसारखी भासली, तर तो ओला प्रकार (गळक्या रक्तवाहिन्यांचा) असू शकतो. त्यावर इंजेक्शने आहेत. रॅनिबिझुमॅबला अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली, भारतात त्याचे बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतेजुळते, दुसऱ्या कंपनीचे जैविक औषध) २०१५ पासून मिळते. अशा वेळी ट्रायलची वाट पाहत बसणे म्हणजे हातची नजर घालवणे. आधी रेटिनातज्ज्ञ, त्याच आठवड्यात.

जनुकाचे नाव

आनुवंशिक आजारात आजाराच्या नावापेक्षा जनुकाच्या नावाला किंमत आहे. दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजारांशी जोडलेली तीनशेच्या आसपास जनुके माहीत आहेत, आणि जीन थेरपी (जनुकाची चांगली प्रत पेशींत पोचवणारा उपचार) बहुधा त्यातल्या एकाच जनुकासाठी असते. लक्सटर्ना हे औषध अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झाले. ते फक्त आरपीई६५ या जनुकाच्या दोन्ही प्रतींत (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली) दोष असेल तरच उपयोगी, आणि तेही दृष्टिपटलात जिवंत पेशी पुरेशा उरल्या असतील तर. बाकीच्या आरपी रुग्णांसाठी त्या बातमीचा थेट उपयोग शून्य.

तपासणी रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावर होते आणि रिपोर्टला बहुधा काही आठवडे लागतात. नमुना देण्याआधी तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढा: कोणाला रात्री दिसत नव्हते, कोणाची नजर कोणत्या वयात गेली, नात्यात लग्न झाले आहे का. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही गोष्ट कोणी लपवत नाही, पण डॉक्टरांनी विचारल्याशिवाय सांगतही नाही. ती सांगा. आईवडील एकाच रक्ताचे असले की अप्रभावी (दोन्ही प्रती सदोष असतील तरच आजार करणाऱ्या) जनुकाच्या दोन सदोष प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते, आणि रिपोर्ट वाचताना हा धागा लागतो.

रिपोर्टमध्ये तीन प्रकारचे निष्कर्ष येतात. ‘पॅथोजेनिक’ किंवा ‘लाइकली पॅथोजेनिक’ म्हणजे दोष सापडला. ‘व्हीयूएस’ म्हणजे बदल दिसला, पण त्याचा अर्थ अजून ठरलेला नाही. यावर ट्रायलमध्ये सहसा घेत नाहीत. तिसरा, काहीच न सापडणे. बऱ्याच कुटुंबांच्या वाट्याला हेच येते. रिपोर्ट टाकून देऊ नका. दोन-तीन वर्षांनी त्याच माहितीचे पुन्हा विश्लेषण करून मिळते का ते विचारा, कारण दरम्यान नवी जनुके कळलेली असतात. अप्रभावी आजारात दोन दोष सापडले तर ते वेगवेगळ्या प्रतींवर आहेत की एकाच, हे पाहायला आईवडिलांचेही नमुने लागतात. ते द्यायला काचकूच करू नका; याच एका कारणाने पात्रता अडकून पडते.

तपासणीचा आणखी एक फायदा आहे. आरपीसारखे दिसणारे काही आजार वेगळेच निघतात. जायरेट ॲट्रोफीत आहारातले आर्जिनिन कमी करावे लागते, काहींना बी६ जीवनसत्त्वाचा उपयोग होतो. रेफसम आजारात फायटॅनिक ॲसिड असलेले पदार्थ टाळायचे असतात. आणि एबीसीए४ जनुकामुळे होणाऱ्या स्टारगार्टमध्ये ‘डोळ्यांसाठी चांगले’ म्हणून अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाणे घातक ठरू शकते, कारण त्यातूनच दृष्टिपटलाखाली विषारी कचरा साठतो. घरातल्या गाजराला घाबरायचे कारण नाही, गोळ्यांपासून दूर राहा.

शोध कुठे घ्यायचा

भारतातली जागा एकच: क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे सीटीआरआय. ती जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याच्या आधीच नोंदणी करणे सक्तीचे आहे. पाहायला पैसे लागत नाहीत, खातेही उघडावे लागत नाही. परदेशातल्या चाचण्यांसाठी अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही रजिस्ट्री.

शोध इंग्रजीत टाकावा लागतो. आजाराचे स्पेलिंग फाईलवरून उतरवा, मग जनुकाच्या नावाने वेगळा शोध घ्या, मग ‘रेटिनल डिस्ट्रॉफी’ आणि ‘मॅक्युलर डिजनरेशन’ हे शब्द टाका. सीटीआरआयवर एकाच आजाराची नोंद निरनिराळ्या नावांनी सापडते, म्हणून एका शोधावर थांबू नका. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि आयुर्वेद-होमिओपॅथीचे अभ्यासही तिथेच नोंदवलेले असतात. वीस रुग्णांचा एका महाविद्यालयातला प्रबंध आणि अनेक केंद्रांवरची औषधचाचणी यांचा मजकूर सारख्याच साच्यात दिसतो, तेवढ्याने दोन्ही सारख्या होत नाहीत.

भारतात काहीच होत नाही असेही नाही. बेंगळुरूच्या आयस्टेम कंपनीच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या आरपीई पेशींच्या (दृष्टिपटलाखालच्या, त्याला पोसणाऱ्या थरातल्या) चाचणीला २०२४ मध्ये परवानगी मिळाली. ती कोरड्या एएमडीच्या चट्ट्यांसाठी आहे. ऑप्टोजेनेटिक्स म्हणजे उरलेल्या पेशींनाच प्रकाश ओळखायला शिकवणे. त्याची आरपीवरची एक सुरुवातीची चाचणीही भारतात झाली.

नोंद वाचताना

ही पायरी लोक सर्वात घाईने उरकतात. शीर्षक वाचतात आणि केंद्राचा फोन नंबर शोधतात. त्याऐवजी या क्रमाने वाचा.

आधी भरतीची स्थिती आणि नोंद शेवटची कधी बदलली ती तारीख. ‘भरती चालू’ असे लिहिलेले असते, पण दोन वर्षे कोणी हात लावलेला नसतो. अशा नोंदीवर एक फोन पुरे, आशा नको.

मग टप्पा. पहिल्या टप्प्यात मुख्य प्रश्न सुरक्षिततेचा असतो. पहिल्या गटाला मुद्दाम कमी डोस देतात, आणि डोळ्याच्या चाचण्यांत अनेकदा ज्याची नजर आधीच खूप गेली आहे तोच डोळा निवडतात. म्हणजे फायदा होण्याची शक्यता सर्वात कमी असलेल्या डोळ्यावर पहिला प्रयोग. हा क्रूरपणा नाही. काही बिघडले तर नुकसान कमी व्हावे म्हणून ही सोय आहे. पण घरचे लोक ‘नजर येईल’ म्हणून तिथे जातात आणि मग खचतात.

त्यानंतर तुलना कशाशी आहे ते पाहा. काही चाचण्यांत एका गटाला लुटुपुटीचे इंजेक्शन देतात: सुई नसलेली सिरिंज डोळ्यावर टेकवतात, बाकी सगळे सोपस्कार तेच. हा गट लागतोच, कारण ऱ्हासाच्या आजारातही दोन तपासण्यांमध्ये नजर वरखाली होते. शिवाय तक्ता वाचायची सवय झाली की आकडे सुधारतात.

आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ: प्राथमिक निष्कर्ष कोणत्या मापाने मोजणार? ही ओळ समजल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. नजर मोजायला चाचण्यांत ईटीडीआरएस तक्ता वापरतात. त्याच्या दर ओळीत पाच अक्षरे असतात. ढोबळमानाने ६/६० म्हणजे ३५ अक्षरे आणि ६/१२ म्हणजे ७०. पंधरा अक्षरांचा फरक म्हणजे तीन ओळी, तो रोजच्या जगण्यात जाणवतो. तीन-चार अक्षरांचा फरक उद्या पुन्हा तपासले तर पुसला जाईल.

पण माप नेहमी अक्षरांचेच नसते. लक्सटर्नाच्या तिसऱ्या टप्प्यात ३१ रुग्ण नोंदवले होते. मुख्य माप होते अडथळ्यांच्या वाटेवरून चालण्याचे, १ ते ४०० लक्सपर्यंतच्या (लक्स हे उजेडाचे माप) वेगवेगळ्या उजेडात. वर्षाअखेर उपचार घेतलेले रुग्ण पूर्वीपेक्षा कमी उजेडात ती वाट चालू शकले. तक्त्यावरच्या अक्षरांत मात्र दोन गटांमधला फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. म्हणजे संध्याकाळी अंगणात वावरणे सोपे झाले, वाचन सुधारेलच असे नाही. दुसरे उदाहरण पेगसेटाकोप्लानचे. हे औषध कोरड्या एएमडीतल्या चट्ट्यांची वाढ साधारण पाचव्या हिश्शाने मंदावते, पण गेलेली नजर परत आणत नाही. अमेरिकेने ते २०२३ मध्ये मंजूर केले, युरोपच्या औषध नियामकाच्या समितीने २०२४ मध्ये नाकारले. चाचण्या त्याच, आकडे तेच. स्कॅनवर चट्टा हळू वाढला हे रुग्णाच्या दृष्टीने पुरेसे आहे का, यावर मत वेगळे. तुम्हीही हाच प्रश्न स्वतःला विचारायचा आहे.

शेवटी पात्रतेचे निकष. यावर माणसे गळतात ती साधारण ठरलेल्या कारणांनी: नजर हवी त्यापेक्षा चांगली किंवा वाईट, वय बसत नाही, अलीकडेच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, काचबिंदू आहे, गर्भधारणा, दुसऱ्या चाचणीत भाग घेतलेला. पूर्वी जीन थेरपी घेतली असेल तर पुढच्या बहुतेक जीन थेरपी चाचण्यांचे दार बंद होते. जनुक पेशींत नेणाऱ्या वाहक विषाणूविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार होतात, हे त्याचे एक कारण. त्यामुळे पहिली मिळाली ती घेतली, असे इथे करून चालत नाही. स्वतःहून चालू केलेल्या गोळ्याही आड येतात. आरपीसाठी एन-ॲसिटिलसिस्टीनची मोठी चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली, रोज दोनदा १८०० मिलिग्रॅम. आपल्याकडे हे औषध कफासाठी सहज मिळते. ते मनाने सुरू केले तर डोस, पोटाचा त्रास आणि पुढची पात्रता, तिन्हींचा घोळ होतो.

पैसे मागितले तर

२०१७ च्या मार्चमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तीन स्त्रियांची हकिकत छापून आली. वय ७२ ते ८८, आजार एएमडी. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये त्यांच्या पोटावरची चरबी काढून, तिच्यातल्या ‘स्टेम सेल’ म्हणून जे काही निघाले ते दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचले. प्रत्येकीकडून पाच हजार डॉलर घेतले. काही दिवसांतच रक्तस्राव झाला, दृष्टिपटल सुटले, नजर गेली. चाचणी म्हणून हा प्रकार अमेरिकेच्या सरकारी रजिस्ट्रीत नोंदवलेला होता.

यातली प्रत्येक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. रजिस्ट्रीत नोंद असणे म्हणजे मान्यता नव्हे. नोंद कोणीही करतो, मान्यता औषध महानियंत्रक आणि एथिक्स कमिटी (रुग्णांचे हित जपणारी नैतिकता समिती) देतात. ज्याचा परिणाम माहीत नाही ते दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी कोणताही जबाबदार संशोधक देत नाही. लक्सटर्नासारख्या मंजूर औषधातही दोन डोळ्यांत किमान सहा दिवसांचे अंतर ठेवतात. आणि खऱ्या चाचणीत तपासल्या जाणाऱ्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. उलट बहुतेक ठिकाणी प्रवासखर्च मिळतो. भारतात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्टेम सेलचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या काही आजारांसाठीचे प्रत्यारोपण. डोळ्याच्या ऱ्हासासाठी ते चाचणीबाहेर, पैसे घेऊन देता येत नाही. ‘पॅकेज’ हा शब्द ऐकला की फोन ठेवा.

संमतीपत्र

२०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनी रुग्णाला बरेच दिले आहे, पण मागितल्याशिवाय ते समोर येईलच असे नाही. माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवे. मराठी प्रत मागा आणि ती घरी न्या. जागच्या जागी सही मागणाऱ्या केंद्राबद्दल शंका घ्यायला हरकत नाही. रुग्णाला वाचता येत नसेल, मग ते निरक्षरतेमुळे असो वा नजर गेल्यामुळे, तर चाचणीशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर सगळे वाचून दाखवावे लागते. मुलाच्या बाबतीत पालकांची संमती लागते, आणि सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे.

वाचताना या जागांवर बोट ठेवा:

- कोणता डोळा, आणि तो कोण निवडणार?
- औषध न मिळालेल्या गटाला शेवटी ते मिळणार का?
- एकूण किती फेऱ्या, किती वर्षे? जीन थेरपीत रुग्णाचा मागोवा पाच-पाच वर्षे, काही वेळा त्याहून जास्त घेतात.
- इजा झाली तर? चाचणीमुळे झालेल्या इजेवर मोफत उपचार नियमाने बंधनकारक आहेत: संशोधकाच्या मते गरज असेपर्यंत, किंवा इजेचा चाचणीशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत, यातले जे आधी घडेल तोवर. कायमचे अपंगत्व आले तर भरपाई वेगळी. गंभीर घटना २४ तासांच्या आत कळवणे संशोधकावर बंधनकारक आहे.
- एथिक्स कमिटीचा फोन नंबर. तो कागदावर असतोच. संशोधकाशी मतभेद झाला तर जाण्याची जागा ती.

मधेच बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे, कारण न देता. मात्र टोचलेली जीन थेरपी किंवा पेशी परत काढता येत नाहीत. हक्क आहे तो पुढच्या तपासण्यांना नाही म्हणण्याचा, आणि तसे करणे सुरक्षिततेच्या दृष्टीने शहाणपणाचे नसते.

प्रत्यक्ष फेऱ्या

तपासणीचा दिवस लांबतो. बुबुळ मोठे करणाऱ्या थेंबांनी चार ते सहा तास धूसर दिसते, अंधाराशी जुळवून घेण्याच्या चाचणीत अर्ध्या तासाहून अधिक काळ काळोखात बसावे लागते. रातांधळेपणा असलेल्या माणसाने सोबतीशिवाय संध्याकाळची गाडी पकडायचा बेत करू नये. आदल्या रात्री झोप नीट घ्या. थकलेल्या माणसाचे फील्ड खराब येते, आणि पहिल्या दिवसाचे आकडेच पुढच्या सगळ्या तुलनेचा पाया असतात. म्हणून पहिल्या दिवशी अंदाजाने अक्षरे सांगून ‘चांगले’ दिसण्याचा प्रयत्न नको, आणि पात्र ठरावे म्हणून मुद्दाम कमी सांगणे तर त्याहून वाईट.

दृष्टिपटलाखाली औषध सोडण्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात हवेचा बुडबुडा ठेवतात. तो पूर्ण विरेपर्यंत विमान बंद, उंच ठिकाणी जाणेही बंद. वर हवेचा दाब कमी झाला की बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातला दाब चढतो. चेन्नई किंवा हैदराबादला शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याने परतीचे विमानाचे तिकीट आधी काढू नये. पुण्याला घाट चढून जायचे असेल तर तेही सर्जनला विचारून. स्टिरॉइडच्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या आधीपासून चालू होतात, म्हणून मधुमेह असेल तर घरी साखर रोज मोजावी लागेल. डोळ्यातल्या कोणत्याही इंजेक्शननंतर वेदना, वाढती लाली किंवा नजर एकदम कमी होणे, यातले काही झाले तर सकाळची वाट पाहू नका. जंतुसंसर्ग हजारो इंजेक्शनांत एखाद्यालाच होतो, पण तो तासांत डोळा घेतो. केंद्राचा रात्री चालणारा नंबर घरातल्या दोघांच्या फोनमध्ये हवा.

यंत्र बसवण्याआधी विचारायचा प्रश्न

आर्गस २ या ६० इलेक्ट्रोडच्या कृत्रिम दृष्टिपटलाला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. जगभरात ३५० हून अधिक लोकांना ते बसवले. पुढे कंपनीने हे उत्पादन बंद केले, आणि डोळ्यात यंत्र असलेल्या माणसांना सुटे भाग आणि दुरुस्ती मिळेनाशी झाली. आता प्रिमा नावाची, २ मिलिमीटर लांबी-रुंदीची चिप चर्चेत आहे. तिच्या युरोपातल्या चाचणीत ३८ रुग्ण होते. २०२५ मध्ये आलेल्या निकालात, वर्षभर टिकलेल्या ३२ पैकी २६ जणांची वाचण्याची क्षमता मोजण्याइतकी सुधारली, विशेष चष्मा लावून. आकडे उत्साह वाढवणारेच आहेत. तरी यंत्राच्या कोणत्याही चाचणीत सही करण्याआधी लेखी विचारा: कंपनी बंद पडली किंवा विकली गेली तर बॅटरी, चष्मा, सॉफ्टवेअर कोण देणार, आणि यंत्र काढायची वेळ आली तर त्या शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा?

बहुतेकांची फाईल यातल्या एखाद्या पायरीवर अडेल आणि ‘तूर्त पात्र नाही’ असे उत्तर येईल. तेव्हा केंद्राला विचारा की रुग्णांच्या रजिस्ट्रीत किंवा आजाराच्या नैसर्गिक वाटचालीच्या अभ्यासात नाव घालता येईल का. त्यात औषध नसते, नुसत्या ठरावीक काळाने तपासण्या असतात. पण पुढची चाचणी उघडली की पहिले फोन अशाच यादीतल्या लोकांना जातात. आणि नजर अपंगत्वाच्या निकषात बसत असेल तर यूडीआयडी कार्डाचा (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज आणि लो-व्हिजन केंद्राची भेट याच महिन्यात उरकून घ्या, त्यासाठी कोणत्याही ट्रायलची वाट पाहावी लागत नाही.